दुधाच्या दातांचा निवाडा

डॉ. अनंतरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे, असे गौरव समितीने सुचवले. मी त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. आमची पहिली ओळख मात्र मी मालवणात सून म्हणून नांदत असतानाची.

माझी मुलगी शालू सातव्या महिन्यातच जन्मली, अगदी मूठभर. ती जगली, पण तिचे दात उशिरा आले आणि आले तेही पिवळे, खडबडीत. भाकरी चावतानाही त्यांचे टवके उडत. माझ्या रक्तातच खोट आहे, असे सासऱ्यांनी ठरवले. मी शालूला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एकेक दात निरखून पाहिला आणि म्हणाले, "दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. हिला तिथे दिवस कमी मिळाले, म्हणून कवच कच्चं राहिलं. ह्यात तुजो दोष नाय गो."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन त्यांनी सासऱ्यांनाही हेच समजावले. पुढे पक्के दात चांगले येतील, असा धीर दिला. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "डॉक्टर, दातांचा तुमी बघा. घराचा आमी बघतंव."

गणपतीला माझे यजमान मुंबईहून आले. विसर्जन होताच आम्हा मायलेकींना तोंडवलीला माहेरी सोडून गेले. पुढे त्यांनी दुसरे लग्न केले.

हे कळताच डॉक्टरांनी मला बोलावून काम दिले. त्यांच्या पत्नींनी मागची खोली रिकामी करून दिली. टाकलेली बाई घरात ठेवली म्हणून गाव नको ते बोलले. आज गौरवलेख लिहिणाऱ्यांपैकी काही जण तेव्हा दात दुखला तरी मुद्दाम सावंतवाडीला जात. डॉक्टरांनी ते कधी बोलून दाखवले नाही. शालूचे ठणकणारे दात ते तिच्या कलाने सांभाळत राहिले.

तिचे पक्के दात खरोखरच चांगले आले. मग एक दिवस सासरे दवाखान्यात आले.

"नातीक व्हरूक इलंय," ते म्हणाले. शालूला न्यायला आले होते, पण माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"आणि तिची आवस?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"ती नको."

"मगे तुमी जावा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझ्यासाठी मालवणात एवढा एकच माणूस बोलला. त्यामुळे हा सत्कार साऱ्या गावाचा आहे, असे माझ्याच्याने लिहवत नाही. डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एखाद्या मुलीच्या आईची बाजू घ्यायला यापुढे तरी त्यांना एकट्यालाच जावे लागू नये.