करंडीतला भोकांचा कागद

परवा भाच्याने संगणकावर पियानो लावला. जुन्या काळी कोणी वाजवताना कागदी गुंडाळीवर पाडलेली भोकं यंत्राने वाचून घेतली, म्हणाला. वाजवणारी बाई कधीच गेली, पण तिच्या बोटांचा जोर तसाच ऐकू येतो. टेबलावर चिकू पिकत होते. त्या वासात मला बसवेना.

साठच्या दशकात मी डहाणूला शिरीनबाईंच्या चिकूवाडीत मुकादम होतो. एकदा त्यांनी गंजाड गावच्या मजुरांसमोर मला थांबवलं.

"मुकादम, पिशवी उपडी कर. तुझ्यावर भरोसो नाय माझा."

पिशवीतून भाकरी पडली. मजूर हसले.

दुसऱ्या दिवशी बाई गावाला गेल्या. बंगल्यात भोकांच्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा पियानो होता, त्याच्या सगळ्या गुंडाळ्या फाडून मी करंड्यांत चिकूंखाली अंथरल्या. माल मुंबईला गेला.

परतल्यावर बाईंनी विचारलं, "माझ्या मम्माची गुंडाळी कुठे?" त्यांच्या आईने विलायतेत स्वतः वाजवून ती करून घेतली होती. आई वारली होती.

"रद्दी वाटली, बाई. भोकांतून फळाला हवा लागते."

आजवर सगळ्यांना हेच सांगितलं. खोटं आहे. गुंडाळीवरचं बाईंच्या आईचं नाव मी वाचलं होतं, आणि तीच पहिली फाडली होती.

 बाई पियानोपुढे बसून पायाने भाता मारू लागल्या. पियानोतली हवेची भोकं झाकायला कागदच नव्हता, त्यामुळे सगळ्या पट्ट्या एकदम खाली गेल्या आणि नुसता कल्लोळ उठला. तरी त्या भाता मारत राहिल्या.

मी दारात उभा राहून ऐकत होतो. तेव्हा मला बरं वाटलं होतं.