अक्का पडल्यावर सही कुणाची?

आमची शेजारीण शरणम्मा कधी फोन लावत न्हाई. मिस कॉल देती आणि आपण लावायची वाट बघती. त्या दिवशी सकाळी मी कलबुर्गीत बसस्टॉपवर उभी होते, ऑफिसला उशीर झालेला, आणि तिचा फोन वाजतच राहिला, वाजतच राहिला… तेव्हाच कळलं मला. उचलला तर एवढंच म्हणली, "पल्लवी, अक्का गेली बग. चहा घेऊन आले तर गेली होती." मागं रडारड नव्हती, संतपूरच्या आमच्या गल्लीतली कोंबडी तेवढी ओरडत होती. अक्का स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेवर गेली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिला एवढंच पाहिजे होतं आणि तेवढंच होता होता राहिलं असतं.

अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पाची थोरली बहीण. सगळं गाव अक्का म्हणायचं म्हणून मी पण अक्काच म्हणायची. शाळेत मास्तरीण होती, लग्न केलं न्हाई, रिटायर झाल्यावर आमच्या घरापासून चार घरं सोडून एक खोली बांधून राहिली. कुणी इचारलं, एकटी कामून राहतीस, तर म्हणायची, "पेन्शन माझ्याशी भांडत न्हाई." आई एकदा भाकरी थापता थापता बोलून गेली, "म्हातारपणी तुमचं कोण बघणार, वन्सं?" अक्का लगेच, "तुला दोन लेकरं हायती, तुझं कोण बघायलंय? भाकरी तर तूच थापायलीस." आई हसली पण तव्यावरची भाकरी करपली.

आणि तिचं ते नॉमिनीचं वेड! लग्नात भेटली, बाजारात भेटली, औरादच्या बसमधी शेजारी कुणी बसलं तरी दहा मिनिटांत प्रश्न यायचा, "खात्याला नॉमिनी टाकलीस का?" मला पहिली नोकरी लागली तेव्हा पगार किती ते तिनं इचारलंच न्हाई, नॉमिनी कोण ते इचारलं. स्वतःच्या ठेवींना तिनं मला टाकलं. मला घेऊन औरादला बँकेत गेली, फॉर्म भरला, मग बाजारात मिरची भजी खाऊ घातली आणि म्हणली, "आता तुला माझं टेन्शन न्हाई. मी मेले की कागद घेऊन यायचं, काम खल्लास." आम्ही दोघी लई खूश होतो. तिनं एकटीच्या मरणाची सगळी तयारी केली होती. मरायच्या आधी काय, हा प्रश्न तिलाही सुचला न्हाई आणि मलाही. भजी खात होतो आम्ही…

यंदा तुरीला शेंगा धरल्या तेव्हा अक्काला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख. बीदरला दवाखान्यात नेलं आणि मी कलबुर्गीहून थेट औरादच्या बँकेत पळाले, पासबुक, आधार, सगळी फाईल छातीशी धरून. नॉमिनी होते ना मी! मॅनेजर भला माणूस. त्यांनी फाईल बघितली, माझ्याकडं बघितलं आणि हळूच कन्नडमधी म्हणले, "अवरु इन्नू इद्दारल्ल…" त्या अजून आहेत की. म्हणजे नॉमिनीला जे काही मिळतं ते मेल्यावर. माणूस जित्तं असंपर्यंत सही त्याचीच, आणि अक्काचा सहीचा हात चादरीखाली पडलेला. पैसे होते, तिचेच होते, आणि तिलाच मिळत नव्हते. बाहेर येऊन पायरीवर बसून मी किती रडले, सांगायला पण लाज वाटती.

तवर दवाखान्याचा खर्च अप्पा करत होता, माझ्या धाकट्या भावाच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशातून. कुणी अक्काला सांगितलं न्हाई, पण तिनं वळखलं. अप्पा म्हणायचा, "आता आमच्या घरीच ऱ्हा. बहिणीकडून दवाखान्याचे पैसे घेऊ? गाव थुकंल मला." अक्का एकेक शब्द ओढून म्हणली, "थुकू दे… गावाला… पोराचं… कॉलेज." आणि मग, "माझी… खोली." अप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला तेव्हा अप्पाचा राग आला होता, आता येत न्हाई. त्याला बहीण सांभाळायची होती आणि तिला कुणाकडून सांभाळून घ्यायचं नव्हतं. दोघं पण बरोबरच होते.

मॅनेजरनी मार्ग सांगितला होता. अंगठा चालतो, आम्ही दवाखान्यात येतो, बँकेचा एक साक्षीदार आणि बाहेरचा एक पाहिजे. मला वाटलं सुटलो! पण अक्कानं मान हलवली. अंगठा न्हाई. गावातल्या बायकांना दुपारचं अंगणात बसवून सही शिकवलेली बाई ती, किती वर्षं… तिनं डाव्या हातात पेन मागितला. तीन दिवस वहीवर रेघोट्या. कधी वाकडंतिकडं नाव व्हायचं, पण बँकेत आहे तशी सही व्हायची न्हाई. चौथ्या दिवशी शरणम्मा आली बसनं, डब्यात मऊ भात घेऊन. ही पण अक्काच्या त्याच अंगणात सही शिकलेली. तिनं वही बघितली आणि कंबरेवर हात ठेवून सुरू झाली, "अक्का, वर्गात मला काय म्हणायचीस? अंगठा दाखिवलीस तर हाकलून देईन म्हणायचीस की न्हाई? आता मी तुला हाकलू का? सही येत न्हाई म्हणून अंगठा, ते येगळं. येतीया आणि हात उठंना, हे येगळं. एवढं कळंना व्हय मास्तरणीला?" मी घाबरले. अक्काचं अर्धं तोंड हललं… हसत होती ती. म्हणली, "आण… शाई."

बँकेची माणसं आली. अक्कानं डावा अंगठा उठवला, पैसे काढायच्या कागदावर एक आणि खात्यात माझं नाव जोडायच्या फॉर्मवर एक, म्हणजे दोघींपैकी कुणाचीही सही चालावी. बाहेरची साक्षीदार शरणम्मा. तिनं जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं आणि अक्का उशीवरून डोळे बारीक करून बघत होती. "काना… राहिला." मॅनेजर पण हसले. शरणम्मानं काना दिला.

भावाचे पैसे भावाला गेले. अप्पानं ते न मोजताच घेतले. अक्का संतपूरला तिच्या खोलीत आली, शरणम्मा पगारावर बघायला राहिली. दर शनिवारी मी जायची आणि अक्का मला जड जिभेनं एकच सांगायची, "लग्न कर… न्हाईतर नको करू… पण सही… एकटीची… ठेवू नको." मी ठेवली न्हाई. माझ्या खात्यात आता भावाचं नाव आहे, मला काही झालं तर दवाखान्यात कुणी निर्णय घ्यायचा ते कागदावर लिहून त्याच्याकडं दिलंय. एकट्यानं राहणाऱ्या सगळ्यांना मी हे सांगत सुटलेय, बसमधी पण… अक्कासारखीच.

परवा मी संतपूरला गेले. खोलीला कुलूप असंल म्हणून चावी घेतली होती, पण दार उघडं. शरणम्मानं झाडून काढलं होतं, तांब्यात ताजं पाणी भरलं होतं आणि खाटेशेजारी बसून ती तूर निवडत होती. मी म्हणलं, "मावशी, आता कामून यायलीस गं?"

"कामून म्हंजे? अक्कानं एक तारखेलाच पुऱ्या महिन्याचा पगार दिलाय, तुझ्याच हातनं. चार दिवसांत गेली म्हणून बाकीचं फुकट खाऊ व्हय? महिना भरू दे."

मग ती खाटेकडं वळून गावाच्या बातम्या सांगायला लागली, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं भांडण झालं. मी पिशवी खाली ठेवली आणि दुसऱ्या बाजूला बसले. महिना भरायला अजून सहा दिवस होते.