घडीचे पान

“अब्बाचे पाय खंय गेले?”

चार वर्षांच्या शिफाने प्रूफाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारले. पुस्तकाच्या प्लेट त्याच दुपारी व्हायच्या होत्या. प्लेट म्हणजे धातूचा पातळ पत्रा. त्यावर पान उमटले, की पुढची प्रत्येक दुरुस्ती नव्या पत्र्याने करावी लागते. म्हणून प्रूफ आधी तपासून घेतात. एवढा लहान तपासनीस मात्र मालवणच्या माझ्या छापखान्यात पूर्वी आला नव्हता.

तिचे वडील सलीम मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात आहेत. वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतात. मागच्या खेपेस ते घरी आले, तेव्हा शिफा आजीच्या मागे लपली. “माझो अब्बा मोबाईलात आसा,” तिने सांगितले. “ह्येका पाय आसत.” घरातले सगळे हसले. सलीम हसले नाहीत.

तसे पुन्हा होऊ नये, म्हणून त्यांनी हे चित्रांचे पुस्तक लिहिले. काजू भाजताना, वेणी घालताना, धक्क्यावर गळ टाकताना, पानोपानी बाप आणि लेक. वर मालवणी मजकूर, खाली मराठी. “एक घरची, एक शाळेची,” ते म्हणाले होते. “माका दोनूय ठिकाणी ऱ्हवचा आसा.” जहाजावरच्या इतर बापांनाही प्रती हव्या होत्या.

शेवटच्या चित्रात बाप जहाजावर गेला होता आणि मुलीच्या हातातल्या मोबाईलमध्ये त्याचा नुसता चेहरा होता. शिफाचा आक्षेप रास्त होता.

“काका, हंय माझे पाय छापा,” सलीम म्हणाले. “खऱ्या मापाचे.”

“पानावर मावणार नाहीत. लहान करू.”

“लहान केल्यार ते माझे पाय कशे?”

“आकार वाढवला तर कागद वाया जातो.”

“अब्बा,” शिफा हळूच म्हणाली, “ह्यो आजो रागावलो.”

मी रागावलो नव्हतो. माझा चेहराच तसा आहे.

त्यानंतर मला घडीचे पान सुचले. पुस्तकाहून लांब कागद घ्यायचा, दुमडायचा आणि शेवटी हाताने चिकटवायचा. उघडला की तो बाहेर येतो. परंतु इतर मुलांच्या प्रतींत सलीमचे पाय कशाला?

“त्यांचा पान कोरा सोडा,” ते म्हणाले. “ज्येचे पाय त्येणी उमटवचे.”

कोरे पान सुटले म्हणून मी आयुष्यभर कामगारांना बोललो आहे. त्या दिवशी ते मुद्दाम सोडण्याचे काम घेतले.

सलीम निघायच्या आदल्या दिवशी पहिली प्रत तयार झाली. मी रोलरने त्यांच्या तळपायाला शाई लावली. घडी जमिनीवर उघडली. त्यांनी पाऊल दाबले, उचलले. टाचेपासून बोटांपर्यंत ठसा स्वच्छ आला.

“माका पण!”

रोलर लागताच शिफा इतकी हसली, की पहिला ठसा फिसकटला. दुसरा मी तिचा घोटा धरून बापाच्या पावलाशेजारी घेतला. शाई खोबरेलाने पुसली.

सलीम परतले, तेव्हा दोघे पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. घराच्या दारातच तिने त्यांना अडवले होते. पान उघडून जमिनीवर ठेवले आणि हुकूम सोडला, “पाय ठेव.” ठसा तंतोतंत जुळला. “माझोच आसा,” असे आजीला सांगून तिने त्यांना आत घेतले.

“मगे शिफान आपलो पाय ठेवल्यान,” सलीम म्हणाले.

शिफाने चप्पल काढून मला दाखवले. तिची बोटे जुन्या ठशाच्या बाहेर आली होती.

“इतको पाय माझ्या पाठी वाडलो, काका,” सलीम म्हणाले.

मी शाईचा डबा उघडला. रोलर काढला. बापाच्या पावलाशेजारी उरलेल्या जागेत तिचा नवा ठसा जेमतेम बसला.

मुलांच्या मापाचे काम करताना वाढीला जागा ठेवावी, हे शिंप्याला ठाऊक असते. मला उशिरा कळले. दुसऱ्या छपाईत पान आणखी एका घडीने लांब केले आहे. कागद थोडा वाया जातो.