साडेपंधरा तास

आबा, म्हणजे माझे आजोबा, पहाटे गेले. टोरँटोतल्या मोठ्या काकांना वडिलांनी फोन केला आणि अंगणात वेळेचा प्रश्न निघाला. आमच्या भावकीत अग्नी दिल्याशिवाय कुणाच्याच घरात चूल पेटत नाही, आणि भावकी म्हणजे पाटसजवळच्या आमच्या वस्तीवरची अकरा घरं. काकांसाठी थांबायचं तर सगळ्यांनी उपाशी थांबायचं.

आबांचे धाकटे भाऊ, आप्पा, माझ्याकडे वळले. "तू इंग्लिश मीडियमची. बघ बरं फोनमधी, टोरँटो ते पुणे किती येळ लागतोय."

चारचौघांत कुणी काही विचारलं की झटकन उत्तर देऊन मोकळं व्हायची मला सवय आहे. पहिल्याच पानावर होतं: अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानप्रवास साडेपंधरा तास. मी तेवढं वाचून दाखवलं.

"म्हंजी रात्री धा-अकराला हितं," आप्पा म्हणाले. "सकाळच्याला अग्नी देऊ. एक दिस कळ काढा."

वडिलांनी काकांना कळवलं, "तू निघ, आम्ही थांबतोय. तोंड दाखवू का फोनवर?"

"नको," काका म्हणाले. "आता समोरच बघतो."

दौंडहून शीतपेटी आली. नऊच्या सुमाराला काकांनी मला तिकीट पाठवलं आणि लिहिलं, 'विमानात बसलो.' तिकीट मी नंतर नीट वाचलं. आधी दुबई, तिथे चौदा तास थांबायचं, मग मुंबई, आणि तिथून गाडीनं घर. पोचायला उद्याची रात्र झाली असती. सकाळी फोनवर वाचलेल्या त्या पानानं नकाशावर सरळ रेघ ओढून तास काढले होते. त्या रेघेवरून कुठलंच विमान येत नव्हतं.

मला तेव्हाच कळलं होतं. मी बायकांच्यात जाऊन बसले. लहान मुलांना बिस्किटं दिली जात होती. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. आत्ता सांगू, मग सांगू, असं करत दुपार गेली. चारच्या सुमाराला साखरेचा त्रास असलेली चुलत आजी भिंतीला टेकली आणि तिचा हात थरथरायला लागला. तेव्हा मी उठून आप्पांकडे गेले.

"आप्पा, माझं चुकलं. काका उद्या रात्री येतील."

शेजारी बसलेले चुलते म्हणाले, "एवढं इंग्लिश शिकून तास मोजता येईनात व्हय?"

"गप रे," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "कवापास्नं ठावं हाय तुला?"

मी खोटं बोलले नाही. त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "अंघोळीचं पाणी तापवा."

सूर्य मावळायच्या आत वडिलांनी अग्नी दिला. काका तेव्हा विमानात होते. मी त्यांना तसं लिहून पाठवलं. दुबईला उतरल्यावर त्यांनी ते वाचलं असणार आणि चौदा तास ते तिथंच बसून राहिले असणार. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सावडायला गेलो. आदल्या रात्री पोचलेल्या काकांनी राखेवर पाणी शिंपडलं, अस्थी वेचल्या. परतताना ते माझ्या बरोबरीनं चालत होते. मी माफी मागायचं ठरवून ठेवलं होतं.

त्याआधी त्यांनीच विचारलं, "आबांची दाढी केली होती का?"

"हो," मी म्हणाले. "अंघोळीच्या आधी. मी बघितलं."

"बरं झालं," म्हणाले, आणि पुढे चालत राहिले.