दोन खुर्च्या आणि एक पळता गडी

दिगू गेल्याचा फोन सोमवारी सकाळी आला, तेव्हा मी त्याच्या वाटचा चहा झाकून ठेवला होता आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. त्याची सून म्हणाली, "काका, आबा झोपेतच गेले..." आणि मी वेड्यासारखा म्हणालो, "अगं, पण मॅच सुरू झाली की!" त्याची लाज अजून वाटते.

दिगू हदगावच्या शाळेत खेळाचा मास्तर होता. त्याआधी, आम्ही नांदेडला कॉलेजात असताना, कबड्डीतला चढाईचा हुकमी गडी. लातूरच्या सामन्यात दोघांना शिवून मध्यरेषेपाशी आला होता, पण तिसऱ्याच्या मोहाने मागे वळला. उरलेले पाचही जण अंगावर पडले. सामना गेला आणि गुडघाही गेला. वर तो गुडघा त्याने गावातल्या हाडवैद्याच्या हवाली केला, त्यामुळे जन्मभर मांडी घालता आली नाही. लग्नाच्या पंगतीत साहेब उभ्याने जेवायचे. आमच्याकडे त्याला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून द्याव्या लागत, तेवढ्या उंचीवरूनच त्याला उठता यायचं.

अमेरिकेतल्या माझ्या मुलाने मला तिकडच्या फुटबॉलचा नाद लावला आणि मी दिगूला. तिकडची रविवार रात्रीची मॅच इथे सोमवारी सकाळी लागते, ती बघायला तो आमच्याकडे यायचा. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक असतो. त्याचं काम चेंडू फेकायचं, पण काही बहाद्दर स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटतात. मग रेड्यासारखी माणसं त्यांच्यावर कोसळतात. त्याने आधीच घसरून बसकण मारली, तर मात्र त्याला कुणी धडकायचं नाही. एवढा एकच नियम दिगूला कळला आणि तेवढाच त्याने धरून ठेवला.

"बस बे खाली! मिळालं तेवढं लई झालं!" तो टीव्हीवर ओरडायचा. त्याच्या आवडीचा एक पोरगा काही केल्या बसत नसे. "मोडून घेऊन राहिलं हे लेकरू," म्हणत दिगू स्वतःचाच गुडघा चोळायचा.

शेवटी त्या पोरासाठी तो मला माहूरला घेऊन गेला. रेणुकामातेच्या पायऱ्या एकेक करत, कण्हत चढला. पुजाऱ्याने नाव-गोत्र विचारलं. दिगू बेधडक म्हणाला, "नाव अमेरिकेतलं हाय, गोत्र कश्यप लावा." मला हसू आवरेना. उतरताना म्हणालो, "अरे, स्वतःच्या गुडघ्यासाठी काही मागायचं होतंस."

"माझं झालं गड्या. त्याचा अजून शाबूत हाय."

मी हसायचा थांबलो.

दिगू गेल्यानंतर, गेल्या सोमवारी, तो पोरगा पुन्हा पळत सुटला. समोरून तिघं आले आणि... गडी घसरून चक्क खाली बसला! मी ओरडलो, "दिगू, बसला बे!" बायको स्वयंपाकघरातून आली, तिने त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि ती आत गेली.

काल पाहुणे आले, एक खुर्ची कमी पडली. बायको त्या दोन खुर्च्या सुट्या करायला लागली. मी म्हणालो, "राहू दे." माझी खुर्ची पाहुण्यांना दिली आणि ते जाईपर्यंत उभ्यानेच चहा प्यालो.