उभी कळशी

कांजूरमार्गच्या टेकडीवरचं ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी हवालदार होतो. शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे लिहितो ते साधंच.

टेकडीवर दोन आळ्या, वरची आणि खालची. दोन्हीकडे कोकणातलीच माणसं, मधे एक नळ. एका सकाळी नळावर मारामारी झाली आणि खालच्या आळीतल्या एकाच्या डोक्यात दगड बसला. माणूस जागेवर गेला. वरच्या आळीतले चौघे आम्ही उचलले, रिमांड घेतली. विचारपूस केली, हातही उचलला. चौघांचं एकच, "मी नव्हतो, साहेब."

साहेबांनी शांतता कमिटी बोलावली. दोन्हीकडचे पुढारी आले, चहा प्याले, सह्या करून गेले.

मग बातमी आली. तेराव्याला खालचे लोक वरची आळी पेटवणार. बातमीदारानं मला सुनावलंही, "पुढाऱ्यांना कशाला बसवता? त्यांचं कोण मेलंय? त्या दोन बायकांना बसवा."

दोन बायका म्हणजे मयताची बायको आणि चौघांतल्या एकाची म्हातारी आई. म्हातारी रोज मुलाचा डबा घेऊन यायची, मयताची बायको तपासाचं विचारायला. चौकीच्या व्हरांड्यात दोघी दोन टोकांना बसायच्या.

बाराव्या दिवशी मी त्यांना एका बाकावर बसवलं. सुरुवात शिव्यांनीच झाली.

"तुझ्या झिलाक फाशी होवदे."

"तुझो घोव माझी कळशी ओढी होतो, म्हणान मेलो."

जबाब लिहिला की ज्याचा त्याला वाचून दाखवायचा, ही आमची पद्धत. मी मयताच्या बायकोचा जबाब म्हातारीला वाचून दाखवला. नियमात बसत नव्हतं. 'माझा नवरा भांडत नव्हता. म्हातारीची कळशी आडवी पडली होती, ती उभी करायला तो वाकला.'

"खोटा," म्हातारी म्हणाली.

मी पंचनामा काढून वाचला. माझ्याच हातचा होता. 'मयताच्या उजव्या हाताजवळ पितळी कळशी, उभी.' लिहिताना मी विचारच केला नव्हता.

म्हातारीनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "माका धक्को बसलो, कळशी पडली. माका तेचो हात दिसलो. मी आरडलंय, कळशी घेता म्हणान. झिलान दगड मारलो." आणि त्या बाईकडे वळली. "माझ्या आरडण्यान गेलो तुझो घोव."

बाईनं माफ केलं नाही. उठली आणि घरी गेली. दिरांना म्हणाली, "तेराव्याक कोण वर चढलो, तर तेचा नाव मी हवालदाराक देतलंय." कोणी चढलं नाही. मुलानं गुन्हा कबूल केला. तो शिक्षा भोगून सुटायच्या आधी म्हातारी गेली.

याला समेट म्हणू नये. त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पण एकीनं दुसरीचं शेवटपर्यंत ऐकलं, आणि दुसरं प्रेत पडलं नाही. आम्ही पोलीस दोन बाजू दोन खोल्यांत बसवतो आणि वर म्हणतो, ही माणसं ऐकत नाहीत.

डायरीत मी 'बातमीदाराकडून समजले' एवढंच लिहिलं. बातमीदार फोडायचा नसतो. ती माझी बायको होती, रेशनच्या रांगेत ऐकून आली होती. गेल्या वर्षी ती गेली. आता लपवून कुणाला वाचवायचं आहे?