सुधीरच्या फ्लेक्सवरची पावडर

काल सकाळी मी सुधीरच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स कात्रीने कापून खाली उतरवला.

ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांनी खुशाल फिरवावा. कारण इथे लिहिते.

सुधीर आमचा माजी आमदार. तुमच्यासाठी साहेब. माझा फार्मसी कॉलेजातला वर्गमित्र, त्यामुळे मला साहेब म्हणणं कधी जमलं नाही.

सोमवारी गेला. हार्ट अटॅक.

मुलुंडला माझं मेडिकलचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी काउंटरवर एका पावडरचा पुठ्ठ्याचा स्टँड होता. ‘शुगर मुळापासून बरी. गोळ्या विसरा.’ टीव्हीवर दिवसभर तीच जाहिरात.

सुधीर डोकेदुखीची गोळी घ्यायला आला आणि स्टँडकडे बघत राहिला.

"शुभे, शिकलीस काय आणि विकतेस काय?"

"मी कुणाला घ्या म्हणत नाही. स्टँड नुसता उभा आहे."

"तुझ्या दुकानात उभा आहे ना. लोक त्याला तुझा शब्द समजतात."

"मला दुकान चालवायचंय. भाषण विधानसभेत कर."

त्याने केलं. असल्या जाहिराती बंद करा म्हणून लक्षवेधी मांडली. सभागृह जवळजवळ रिकामं होतं, असं नंतर त्यानेच हसत सांगितलं.

माझा स्टँड तिथेच राहिला.

समोरच्या बिल्डिंगमध्ये सुभेदार राहतात. सैन्यातून रिटायर झालेले, एकटे. शुगरच्या गोळ्या न्यायला ते येईनासे झाले, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पावडर माझ्याकडूनच नेत होते.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हॉस्पिटलमध्ये म्हणाले, "ताई, तुमच्याकडे ठेवली होती, म्हणजे चांगलीच असणार असं वाटलं."

तक्रार नव्हती. नुसतं सांगत होते.

त्याच दिवशी मी स्टँड फाडून टाकला.

कृत्रिम पायाच्या कागदांसाठी सुधीर स्वतः त्यांच्यासोबत ऑफिसात जाऊन बसायचा. म्हणायचा, "पंधरा ऑगस्टला आपण यांना शाल-नारळ देऊन फोटो काढतो आणि वर्षभर रांगेत उभं करतो."

सुभेदारांना चालताना मध्ये टेकता यावं म्हणून त्याने आमदार निधीतून माझ्या दुकानाबाहेर बेंच बसवला. त्यावर नाव नाही.

त्याचा कार्यकर्ता प्रकाश मागे लागला होता. "साहेब, निदान छोटी पाटी तरी?"

"प्रकाश, पैसे लोकांचे, बसणार लोक. मध्ये माझं नाव कशाला?"

पुढची निवडणूक तो हरला.

त्यानंतर एकदा डोकेदुखीची गोळी घ्यायला दुकानात आला. रिकाम्या काउंटरकडे त्याने पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. सुभेदारांबद्दल तो मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तू बरोबर होतास, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "सुटे नाहीत का?"

त्याने खिसे चाचपले, सुटे दिले आणि गेला.

आणि काल त्याच बेंचच्या वर फ्लेक्स. सुधीरचा हात जोडलेला फोटो. खाली कोपऱ्यात ‘सौजन्य’ आणि डबा.

तीच पावडर.

प्रकाशचे डोळे सुजले होते. "मॅडम, छपाई त्यांनीच करून दिली. माझं लक्षच नाही गेलं हो."

त्याला काय बोलणार? माझं तरी कुठे गेलं होतं?

मी दुकानातून कात्री आणि स्टूल आणलं. स्टूल सुभेदारांनी धरलं, त्या पायावर उभं राहून.

फ्लेक्सची घडी घालताना प्रकाश म्हणाला, "मग साहेबांचं नाव कुठे लावू? बेंचवर?"

"नको," सुभेदार म्हणाले. "ते नाही म्हणाले होते."

मग आम्ही तिघं बेंचवर बसलो.

सुधीर, तू बरोबर होतास.

तू समोर उभा होतास तेव्हा हे सांगायला हवं होतं मला.

फ्लेक्स नाही, हार नाही. मनापासून श्रद्धांजली, एवढीच.

— शुभा